एरर आली खरी, पण कुणाची?

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या बाई एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर विभागात शिकवतात. विभागाच्या सामायिक सर्व्हरवर सेंटओएस ७ ही जुनी लिनक्स आहे आणि तिच्यासोबत आलेला जीसीसी ४.८.५ हा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रामचं मशीनला चालवता येईल असं रूप करणारं साधन. अंतिम वर्षाच्या मुलांच्या प्रोजेक्टना सी++ २०, म्हणजे सी++ भाषेचं २०२० चं प्रमाण, लागतं. काही मुलांना वेगळाच निरोप येतो : 'जीलिबसी २.२८ सापडत नाही'. एचओडी सर म्हणाले, "सोर्सवरून नवा जीसीसी बिल्ड करून टाका, एका रात्रीचं काम आहे." तेव्हापासून बाई जीसीसी १३.२ च्या मूळ कोडवरून (सोर्स) तो कंपायलर तयार करण्याच्या (बिल्ड) मागे आहेत. आधी जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी नाहीत म्हणून बिल्ड अडलं. त्या तिन्ही लायब्ररी त्यांनी हाताने बिल्ड करून घातल्या. मग ३२ बिटच्या लायब्ररी नाहीत अशी तक्रार आली. ती मिटवली, तर 'ऑब्जेक्ट फाइल्सचा सफिक्स ठरवता येत नाही' असं काहीतरी आलं. नेटवर वाचून लायब्ररीचा पाथ घातला, आणि आता बरंच पुढे गेल्यावर नुसतं 'किल्ड' म्हणून सगळं थांबतं. "रोज नवी एरर येते, म्हणजे मला हे जमत नाहीये. मुलं विचारतात, 'मॅडम, झालं का?' रूट पासवर्ड (सर्व्हरचे सर्वाधिकार देणारा) मागून जुन्या कंपायलरच्या जागीच नवा टाकावा का? की सरांना सरळ सांगावं, होणार नाही म्हणून? एकदा एका ग्रुपवर विचारलं होतं, तर 'आधी बेसिक शिका' असं उत्तर मिळालं."

उत्तर :

तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही शेवटच्या प्रयत्नाची शेवटची ओळ जोडली आहे : 'मेक : तीन चांदण्या, ऑल, एरर २'. (मेक म्हणजे बिल्डची कामं क्रमाने करवून घेणारा प्रोग्राम.) त्यावरून मला काहीच कळलं नाही, आणि कुणालाच कळलं नसतं. ती ओळ का निरुपयोगी आहे ते पुढे सांगते. त्याआधी पत्रातल्या एका वाक्यापाशी थांबू या, कारण ते तुम्ही जाता जाता लिहिलंय आणि माझ्या मते निम्मा गुंता तिथेच आहे.

'जीलिबसी २.२८ सापडत नाही' हा निरोप आणि सी++ २० ची गरज, या दोन वेगळ्या अडचणी आहेत. तुम्ही त्या एका औषधाने बऱ्या करायला निघालात. जीलिबसी म्हणजे सिस्टमची मूळ सी लायब्ररी. सेंटओएस ७ मध्ये ती २.१७ आहे आणि जीसीसी कितीही नवा घातला तरी २.१७ च राहणार. जीसीसीच्या सोर्समध्ये ती नसतेच, तिचा प्रकल्प वेगळा. मुलांनी कुठून तरी बायनरी, म्हणजे आधीच कंपाइल केलेला तयार प्रोग्राम, उतरवलेली असणार. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड १८ च्या अधिकृत बायनरींना जीलिबसी २.२८ लागते. व्हीएस कोड या एडिटरने २०२४ च्या सुरुवातीला आपल्या रिमोट सर्व्हरसाठी हीच अट घातली, तेव्हा सेंटओएस ७ वाल्या कितीतरी लॅबमध्ये एका सकाळी एडिटर जोडलाच जाईना. तुमच्या मुलांची तक्रार याच जातीची असेल, तर तुमचं बिल्ड उद्या निर्विघ्न पार पडलं तरी ती तशीच राहील आणि मुलं म्हणतील, मॅडम, अजून तेच येतंय.

याच्या जोडीला एक जुळ्या नावाचा निरोप येतो : 'जीलिबसीएक्सएक्स ३.४.२९ सापडत नाही'. पुढे ती दोन एक्स असली, तर गोष्ट सी++ च्या लायब्ररीची आहे. ती मात्र जीसीसीबरोबर येते, आणि नव्या जीसीसीने हा प्रश्न सुटतो. तुमच्या ४.८.५ ची लायब्ररी ३.४.१९ पर्यंत जाते. ३.४.२९ जीसीसी ११ बरोबर आली, ३.४.३० जीसीसी १२ बरोबर. आणि तिसरा प्रकार म्हणजे कंपायलरच 'हा पर्याय मला ओळखू येत नाही' म्हणतो, कारण ४.८.५ ला सी++ २० हे नावच ठाऊक नाही.

तेव्हा पहिलं काम टर्मिनलवर नाही, वर्गात आहे. ज्या ज्या मुलाची तक्रार आहे त्याच्याकडून नेमका निरोप जसाच्या तसा घ्या, स्क्रीनचा फोटो नको, मजकूर घ्या. मग तीन ढीग करा. जीलिबसीवाल्या ढिगाला तुमचा कंपायलर उपयोगाचा नाही. त्यांना त्या बायनरीची जुनी आवृत्ती द्या, नाहीतर दुसरं मशीन. आणि कुणी सुचवेल की जीलिबसीच नवी बिल्ड करून सिस्टमच्या जागी टाकू. तर नाही. सर्व्हरवरची जवळपास प्रत्येक आज्ञा, 'एलएस'सुद्धा, तिच्यावर उभी असते. ती अर्धवट बदलली की लॉगिनही होत नाही.

उरलेल्या दोन ढिगांसाठी नवा कंपायलर हवा हे खरं. पण तो सोर्सवरूनच बिल्ड केलेला हवा, हे कुणी ठरवलं? सरांनी एक मार्ग सांगितला, तो एकुलता मार्ग नव्हे. सेंटओएस ७ साठी डेव्हटूलसेट ११ नावाचा तयार संच आहे, त्यात जीसीसी ११.२ मिळतो. तो जुन्या कंपायलरला हात न लावता शेजारी बसतो, आणि त्याने केलेले प्रोग्राम जुन्या सी++ लायब्ररीवरही चालतात, कारण नवा भाग तो प्रोग्राममध्येच घालून देतो. म्हणून दोन एक्सवाल्या ढिगातले प्रोग्राम त्यानेच पुन्हा कंपाइल करून घ्यावे लागतील. अडचण एवढीच की सेंटओएस ७ चा पाठिंबा ३० जून २०२४ ला संपला. नेहमीचे पॅकेज सर्व्हर बंद पडलेत आणि ॲडमिनना जुन्या संग्रहाचा, म्हणजे व्हॉल्टचा पत्ता घालून घ्यावा लागेल. हे काम त्यांचं, पण छोटं आहे. त्याआधी मुलांना विचारून घ्या, की प्रोग्रामात सी++ २० मधलं 'एसटीडी फॉरमॅट' वापरलंय का. ते जीसीसीच्या लायब्ररीत १३ व्या आवृत्तीत आलं. वापरलं असेल तर ११.२ पुरणार नाही.

ॲडमिन दाद देत नसतील तर कोंडा-फोर्ज या तयार पॅकेजांच्या संग्रहातला कंपायलर तुमच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये रूटशिवाय बसतो. आवृत्ती निवडताना ती जीलिबसी २.१७ वर चालते ना, एवढं पाहून घ्या. आणखी एक साधन म्हणजे स्पॅक. ते अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत सुपरकॉम्प्युटरवाल्यांनी स्वतःच्या याच डोकेदुखीवर तयार केलं. तेही सोर्सवरूनच बिल्ड करतं, पण कुठल्या लायब्ररीनंतर कुठली आणि कुठला पर्याय देऊन, हे त्याला माहीत असतं. तुम्ही आजवर हाताने केलेलं बरंचसं काम ते स्वतः करतं.

एवढं सगळं पाहून तुम्ही म्हणालात, "नाही, मला स्वतःच करायचंय," तर ते कारणही मला मान्य आहे. कंपायलर कसा उभा राहतो हे एकदा हाताने करून पाहण्यासारखं दुसरं शिक्षण नाही, आणि तुम्ही शिकवणाऱ्या आहात. फक्त ते स्वतःच्या हौसेचं काम आणि मुलांच्या सबमिशनची तारीख, यांना एका दोरीने बांधू नका. मुलांना आज डेव्हटूलसेट किंवा कोंडा द्या, आणि तुमचं बिल्ड निवांत चालू द्या.

आता तुमच्या एररकडे येऊ. तुम्ही लिहिता, रोज नवी एरर येते म्हणजे जमत नाहीये. मी तुमची यादी वाचली आणि मला उलटं दिसलं. जीएमपीची तक्रार कॉन्फिगरच्या, म्हणजे बिल्डआधी मशीन तपासून घेण्याच्या, टप्प्यातली आहे. तेव्हा अजून एक ओळही कंपाइल झालेली नसते. ३२ बिटची तक्रारही तिथलीच. सफिक्सवाली एरर येते तेव्हा नवा कंपायलर एकदा तयार झालेला असतो! आणि 'किल्ड' तर त्याच्याही पुढे. तुम्ही पायरी पायरीने वर गेला आहात. तीच एरर रोज त्याच जागी येत राहिली असती तर मला काळजी वाटली असती.

जीसीसीच्या बिल्डमध्ये गोंधळ होण्याचं मूळ कारण असं की तिथे एक कंपायलर नसतो, निदान दोन असतात. तुमच्या सिस्टमवरचा जुना ४.८.५ पहिल्यांदा नव्या जीसीसीचा सोर्स कंपाइल करतो. हा झाला पहिला टप्पा, स्टेज वन. त्यातून निघालेल्या कच्च्या कंपायलरने तोच सोर्स पुन्हा कंपाइल होतो, ती स्टेज टू. तिच्या कंपायलरने पुन्हा एकदा, ती स्टेज थ्री. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातल्या ऑब्जेक्ट फाइल्स (कंपाइल झालेले तुकडे) ताडून पाहिल्या जातात. त्या सारख्या निघाल्या पाहिजेत. त्यामुळे एरर दिसली की पहिला प्रश्न 'काय चुकलं' हा नाही, 'हे कोण बोलतंय' हा आहे.

ओळखायची खूण सोपी आहे. एररच्या वर स्क्रोल करत जा आणि ज्या लांबलचक आज्ञेतून ती निघाली त्या आज्ञेचा पहिला शब्द पाहा. तिथे साधं 'जी++' असेल तर जुना कंपायलर बोलतोय, म्हणजे दोष जुन्या कंपायलरमध्ये, सिस्टमच्या हेडरमध्ये किंवा तुमच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये शोधा. पाथमध्ये 'प्रीव्ह-जीसीसी' आणि पुढे 'एक्सजी++' दिसलं तर तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात आहात. आणि बिल्ड फोल्डरमधल्या 'जीसीसी' फोल्डरातला 'एक्सजीसीसी' दिसला, तर नवा कंपायलर स्वतःच्या लायब्ररी तयार करतोय आणि त्याला काहीतरी सापडत नाहीये. कंपायलरचं नावच नसेल, नुसतं 'कॉन्फिगर : एरर' असेल, तर ती कुठल्या फोल्डरातल्या कॉन्फिगरची हे बघा. जीसीसीत कॉन्फिगर एकच नसतं, प्रत्येक लायब्ररीचं वेगळं असतं आणि प्रत्येकाची 'कॉन्फिग डॉट लॉग' फाइलही वेगळी.

या चाळणीतून तुमच्या एरर गाळू.

जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी या अंकगणिताच्या लायब्ररी आहेत. कंपायलर स्थिरांकांचा हिशेब कंपाइल करतानाच मांडतो, त्यासाठी त्या लागतात. तुम्ही त्या हाताने बिल्ड करून होम फोल्डरमध्ये ठेवल्या. चूक नाही, पण त्याच निर्णयातून पुढची सफिक्सवाली एरर जन्मली. जीसीसीच्या सोर्समध्येच 'कॉन्ट्रिब' फोल्डरात 'डाउनलोड प्रीरिक्विझिट्स' ही स्क्रिप्ट असते. सोर्सच्या मुख्य फोल्डरात उभं राहून ती चालवली की योग्य आवृत्त्या उतरतात आणि सोर्सच्या आत जोडल्या जातात. मग त्या जीसीसीबरोबरच बिल्ड होतात आणि त्याच्यातच सामावतात, बाहेर शोधायला जावं लागत नाही. कॉलेजची प्रॉक्सी स्क्रिप्टला अडवत असेल, तर स्क्रिप्ट उघडून त्यातली फाइलींची नावं वाचा, त्याच फाइली घरून आणा आणि सोर्सच्या फोल्डरात ठेवा. फाइल आधीच असेल तर ती पुन्हा उतरवली जात नाही.

सफिक्सवाल्या एररचे शब्द अगदी फसवे आहेत. सफिक्सचा तिथे काही संबंध नसतो. नव्या कंपायलरकडून कॉन्फिगर एक इवलासा प्रोग्राम कंपाइल करून बघतं आणि तेवढंही होत नाही, म्हणून ते हात वर करतं. का झालं नाही, हे स्क्रीनवर येतच नाही. ते 'लिबजीसीसी' फोल्डरच्या कॉन्फिग लॉगमध्ये असतं. हा फोल्डर बिल्डच्या आत, मशीनच्या नावाच्या फोल्डरात सापडेल. तिथे बहुधा दिसेल की 'सीसी१' ला, म्हणजे आतल्या खऱ्या कंपायलरला, एमपीसीची शेअर्ड लायब्ररी सापडली नाही. नेटवरून घेतलेल्या पाथच्या उपायाने तुमचं काम पुढे सरकलं, यावरून तुमच्याकडे हेच झालं असणार. स्क्रिप्टच्या मार्गाने गेलात तर हा पाथ लागणारच नाही, तेव्हा तो बॅश आरसी या लॉगिनच्या सेटिंगच्या फाइलमधून काढून टाका. आणि कॉन्फिग लॉग वाचताना तळापासून वाचू नका, तळाशी नुसती व्हेरिएबल्सची जंत्री असते. 'कॅश व्हेरिएबल्स' हे शब्द शोधा आणि त्यांच्या वरच्या भागात पाहा. त्या लॉगमध्ये इतर ठिकाणीही खूप 'एरर' दिसतील, त्यांनी घाबरून जाऊ नका. 'हे हेडर आहे का' असं विचारून 'नाही' उत्तर मिळवणं हेच कॉन्फिगरचं काम असतं.

३२ बिटचं तुम्ही मिटवलंत म्हणता, कसं ते लिहिलं नाहीत. ३२ बिटचे प्रोग्राम करायचे नसतील तर कॉन्फिगरला 'डिसेबल मल्टिलिब' हा पर्याय देऊन मोकळं व्हावं. तो निरोप स्वतःच हे सुचवतो. जीसीसीच्या एवढ्या निरोपांत मला हा एक सभ्य वाटतो.

आणि 'किल्ड'. इथे कंपायलर बोलतच नाही. मेमरी संपली, कर्नलने जी प्रक्रिया सर्वांत जड दिसली ती मारली, आणि ती होती 'सीसी१प्लस', म्हणजे सी++ चा आतला कंपायलर. खात्री करायची तर 'डीमेसेज' (कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) मध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा. मेक चालवताना 'जे' (एका वेळी किती कामं, हे सांगणारा पर्याय) च्या पुढे किती आकडा दिला होतात? आकडा दिलाच नसेल तर मेक एकाच वेळी वाटेल तेवढी कामं सुरू करतं, आणि सामायिक सर्व्हरवर त्याने शेजाऱ्याचा प्रोजेक्टही मरू शकतो. जीसीसी १३ मध्ये 'जिंपल मॅच' नावाची यंत्राने लिहिलेली एक प्रचंड फाइल आहे. स्टेज वनचा कंपायलर ऑप्टिमाइझ न केलेला आणि स्वतःच्या पावलापावलावर तपासण्या करणारा असतो, त्याला ही फाइल कंपाइल करायला दिली की वेळ आणि मेमरी दोन्ही खूप जातात. १४ व्या आवृत्तीत तिचे तुकडे केले गेले, ते उगाच नाही. तुम्ही 'जे २' करा, रात्री चालवा, आणि ॲडमिननी प्रत्येक वापरकर्त्याला मेमरीची मर्यादा घातली आहे का ते त्यांना विचारा. असं थांबलेलं बिल्ड पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते, मेक पुन्हा चालवलं की ते जिथे थांबलं तिथून पुढे जातं. कॉन्फिगरचे पर्याय बदलले तर मात्र बिल्डचा फोल्डर पूर्ण रिकामा करूनच सुरुवात करा.

आता ती 'एरर २'. मेक हा मेकला बोलावतो, तो आणखी एका मेकला. आतल्याचं बिघडलं की प्रत्येक जण वरच्याला 'माझ्याकडे बिघडलं' एवढंच कळवतो. शेवटची ओळ ही त्या साखळीतल्या सर्वांत वरच्याची, ज्याला सर्वांत कमी माहिती असते. म्हणून सगळं आउटपुट 'टी' आज्ञेने फाइलमध्ये घ्या, एरर स्ट्रीमसकट, आणि त्या फाइलमध्ये वरून खाली तीन चांदण्या शोधा. पहिली सापडेल तिच्या वरच्या वीस-तीस ओळी वाचा. पुढे कंसात 'इग्नोर्ड' लिहिलं असेल तर ती सोडून द्या. अनेक कामं एकाच वेळी चालली असतील तर ओळी एकमेकींत मिसळलेल्या असतात, तेव्हा 'जे' शिवाय मेक पुन्हा चालवा. तीच एरर एकटी आणि स्वच्छ समोर येईल.

दोन गोष्टी मी अंदाजाने विचारतेय. तुम्ही कॉन्फिगर सोर्सच्या फोल्डरातच चालवलंत का? जीसीसीला ते मानवत नाही. सोर्स एकीकडे, बिल्डचा रिकामा फोल्डर दुसरीकडे, असं ठेवायचं. सोर्समध्ये चालवून झालं असेल तर साफ करण्याच्या भानगडीत न पडता टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) नव्याने उघडा. दुसरं, तुमच्या लॉगिनमध्ये ॲनाकोंडा (पायथनचा संच, कोंडा त्याचाच भाग) आपोआप सुरू होतो का? विभागाच्या सर्व्हरवर बहुतेकांचा होतो. मग लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा) एकीकडचा, हेडर दुसरीकडचे अशी खिचडी होते आणि कुणालाही न कळणाऱ्या एरर येतात. बिल्डपूर्वी कोंडा बंद करा, आणि लायब्ररी पाथ, एलडी लायब्ररी पाथ, सी इन्क्लूड पाथ, सी++ इन्क्लूड पाथ ही सगळी व्हेरिएबल्स अनसेट करा. लायब्ररी पाथच्या शेवटी एक जास्तीचा कोलन राहिला तरी जीसीसीचं कॉन्फिगर अडून बसतं, कारण त्या कोलनचा अर्थ 'चालू फोल्डर' असा होतो.

माझा आग्रह विचाराल तर पहिला प्रयत्न 'डिसेबल बूटस्ट्रॅप' देऊन करा, भाषा फक्त सी आणि सी++ ठेवून. त्यात तीन टप्प्यांऐवजी एकच होतो आणि तुमच्या एन्व्हायर्नमेंटचे सगळे दोष लवकर उघडे पडतात. तो पार पडला की मग पूर्ण बूटस्ट्रॅप करा, कारण मुलांना द्यायचा कंपायलर दहा वर्षांहून जुन्या ४.८.५ ने घडवलेला नको, स्वतःच स्वतःला घडवून तपासलेला हवा. शेवटी फाइली ताडताना 'सीसी१ चेकसम' वेगळा आहे अशी वॉर्निंग दिसेल. ती नेहमीचीच आहे. खरोखर 'कंपॅरिझन फेल्युअर' आलं तर मात्र थांबा, आणि सी फ्लॅग्जमध्ये स्वतःचं काही घातलं होतं का ते आधी पाहा. आवृत्ती १३ च ठेवा. ती बिल्ड करायला सी++ ११ समजणारा कंपायलर पुरतो, आणि ४.८.५ ला ते समजतं. जीसीसी १५ ला सी++ १४ लागतं, तिथे तुम्हाला मध्ये एक पायरी घ्यावी लागली असती.

तुमच्यासारखे आणखी काही वाचक याच्या उलट्या वाटेवर अडकलेले असतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. नव्याकोऱ्या लिनक्सवर जुना जीसीसी, ४.९ किंवा त्यामागचा, बिल्ड करायचा असेल तर तिथे काळ आड येतो. जीलिबसी २.२६ ने २०१७ मध्ये 'स्ट्रक्ट यूकॉन्टेक्स्ट' हे नाव काढलं, २.२८ ने २०१८ मध्ये 'यूस्टॅट' चं हेडर काढलं, आणि जीसीसी ६ पासून सी++ चं ठरलेलं प्रमाणच सी++ १४ झालं. यांतली प्रत्येक गोष्ट जुन्या सोर्सला एकेक एरर देते. सॅनिटायझर (प्रोग्राममधल्या चुका पकडणारी लायब्ररी) बंद करणं, जुन्या प्रमाणाचा पर्याय देणं आणि त्या शाखेतली शेवटची दुरुस्त आवृत्ती घेणं, एवढ्याने बहुतेकांचं भागतं. एलएलव्हीएम हा दुसरा कंपायलर-प्रकल्प बिल्ड करणाऱ्यांची मेमरी कंपाइल करताना कमी आणि लिंक करताना जास्त संपते. त्यांनी बिल्डचा प्रकार 'रिलीज' ठेवावा आणि एकाच वेळी होणाऱ्या लिंकची संख्या कमी करावी. जीसीसीचा सोर्स गिटवरून घेतलेल्यांना फ्लेक्स हे साधन लागतं, टारबॉलवाल्यांना नाही. आणि ज्यांची एरर दर वेळी वेगळ्याच फाइलमध्ये येते, कारण काही न देता सेगमेंटेशन फॉल्ट म्हणते आणि पुन्हा चालवल्यावर तिथून पुढे जाते, त्यांनी कंपायलरला दोष न देता मशीनची रॅम तपासावी.

रूट पासवर्डचं. मागू नका. मिळाला तरी यासाठी वापरू नका. सिस्टमचा कंपायलर पॅकेज मॅनेजरच्या वहीत नोंदलेला असतो. त्याच्या डोक्यावर दुसरा लिहिला की पुढच्या अपडेटला दोघांचं भांडण होतं, आणि निस्तरायला ॲडमिनना बोलवावं लागतं, जे आधीच तुमच्यावर फारसे खूष नसतील. 'प्रीफिक्स' (कंपायलर बसवायची जागा) म्हणून होममधला किंवा विभागाच्या सामायिक जागेतला फोल्डर द्या. आधी डिस्कचा कोटा बघा, पूर्ण बिल्ड काही जीबी सहज खातं. बसवून झाल्यावर मुलांना दोन गोष्टी सांगाव्या लागतील. एक, पाथमध्ये नव्या 'बिन' चं नाव आधी. दुसरी लोक हमखास विसरतात : प्रोग्राम चालवताना नव्या 'लिब६४' ची ओळख हवी, नाहीतर कंपाइल नव्याने होतं, चालतं जुन्या लायब्ररीवर, आणि पुन्हा तोच 'जीलिबसीएक्सएक्स सापडत नाही'. लिंक करताना 'आरपाथ' (प्रोग्राममध्येच नोंदलेला लायब्ररीचा पत्ता) दिलात तर मुलांना व्हेरिएबल्सच्या मागे लागावं लागत नाही. सर्व्हरवर मॉड्यूल्सची (हवी ती आवृत्ती निवडू देणारी) सोय असेल तर या सगळ्याची एक मॉड्यूल फाइल करा, म्हणजे एका ओळीत काम होतं आणि ज्यांना जुना हवा त्यांचा जुना तसाच राहतो.

'आधी बेसिक शिका' म्हणणाऱ्याचं मनावर घेऊ नका. तुम्ही तिथे काय पाठवलं होतंत मला माहीत नाही, पण आता जी शेवटची ओळ मला पाठवलीत तीच पाठवली असेल, तर मदत करू इच्छिणाराही अडला असता. पुढच्या वेळी सिस्टमचं नाव, जुन्या कंपायलरची आवृत्ती, जीसीसीची आवृत्ती, कॉन्फिगरची पूर्ण आज्ञा, पहिल्या एररच्या आसपासच्या ओळी आणि लागल्यास त्या फोल्डराचा कॉन्फिग लॉग द्या. 'जीसीसी-हेल्प' ही प्रकल्पाची स्वतःची ईमेल यादी यासाठीच आहे. तिथे एवढं देऊन विचारलेल्या प्रश्नाला कुणी बेसिक शिका म्हणेलसं वाटत नाही.

आणि सरांना 'होणार नाही' असं सांगू नका, कारण ते खरं नाही. 'एका रात्रीचं काम' हेही खरं नाही. विभागाच्या मशीनवर एकच बिल्ड काही तास घेतं आणि पहिल्या फटक्यात ते कुणाचं होत नाही. सरांकडे मुलांच्या निरोपांचे ते तीन ढीग घेऊन जा. सांगा की या ढिगाला कंपायलरचा उपयोग नाही, या दोघांना डेव्हटूलसेट आठवडाभरात मिळू शकतो, फक्त ॲडमिनना तुमचा एक शब्द हवा, आणि जीसीसी १३ मी शेजारी बिल्ड करतेय. तिथेच हेही काढा की ज्या सिस्टमचा पाठिंबा २०२४ मध्ये संपला, तिच्यावर पुढच्या वर्षीची मुलं बसवायची का. तो निर्णय तुमचा नाही, त्यांचा आहे, आणि तो लांबतोय म्हणूनच तुम्ही रात्री कंपायलर बिल्ड करत बसल्या आहात.